सेमोंकोंग की मोखोटलोंग? लेसोथोच्या डोंगरातला एकच बाजार बघायचा असेल तर

जोहान्सबर्ग किंवा डर्बनला आलेल्या माणसाकडे लेसोथोसाठी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या पोटातल्या या छोट्या डोंगरी देशासाठी, फार तर चार दिवस असतात. त्यातला एक मासेरूत, म्हणजे राजधानीत जातो. उरलेल्या दिवसांत डोंगरातलं एकच बाजाराचं गाव नीट बघून होतं, आणि नावं दोन समोर येतात: सेमोंकोंग आणि मोखोटलोंग. दोन्हीकडे राहून आल्यावर माझं मत पक्कं झालंय. धबधबा कुठे मोठा, घाट कुठे अवघड यावर ते ठरलेलं नाही. बाजाराला आलेली माणसं कुठे जवळून भेटतात, यावर ठरलंय.

दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून साधारण २२०० मीटर उंचीवर आहेत. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर या बाजारपेठांच्या बरंच खाली राहतं. तरीही तिथले डोंगर पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले. तोच काळा कातळ, त्याच पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा, माथ्यावर तशीच सपाटी. लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला हा बेसाल्ट सह्याद्रीसारखाच आहे, फक्त वयाने बराच थोरला. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा सुमारे अठरा कोटींचा. झाडं मात्र जवळजवळ नाहीत. गवत, मेंढ्या आणि वारा.

आधी सेमोंकोंग. नावाचा अर्थ 'धुराची जागा'. गावापासून थोड्या अंतरावर मालेत्सुन्याने नदी एका झेपेत १९२ मीटर खाली कोसळते आणि दरीतून वर येणारे तुषार लांबून धुरासारखे दिसतात. गाव वसलं ते १८८० च्या दशकात. केप वसाहतीच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतीच्या, सरकारने बासोथोंना, म्हणजे लेसोथोतल्या लोकांना, बंदुका जमा करायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि १८८०-८१ मध्ये लढाई जुंपली. त्यात घरदार सुटलेली माणसं या उंच खोऱ्यात आसऱ्याला आली. मासेरूहून अंतर १२० किलोमीटरच्या आसपास, रस्ता डांबरी, साधी गाडीही जाते. वाटेत रोमा लागतं. तिथे १८६२ चं कॅथलिक मिशन आणि देशाचं राष्ट्रीय विद्यापीठ आहे.

पण गावात पाऊल टाकल्यावर डोळ्यांत भरतात ते घोडे. दुकानांसमोर, गिरणीसमोर, दाराशेजारच्या खांबांना खोगीर चढवलेले घोडे बांधून ठेवलेले असतात. पर्यटकांसाठी नव्हेत. आसपासच्या खोऱ्यांत अशा कितीतरी वाड्या आहेत जिथे चाक पोहोचत नाही, आणि तिथली माणसं मक्याचं पीठ, मीठ, रॉकेल, मेणबत्त्या, जनावरांची औषधं न्यायला घोड्यावरून येतात. परतीचं ओझं गाढवांवर. मेंढ्या-शेळ्या कातरण्याचा हंगाम असेल तर हीच गाढवं लोकरीची पोती घेऊन उतरतात. अंगोरा शेळीच्या केसांच्या, म्हणजे मोहेरच्या, उत्पादनात जगात दक्षिण आफ्रिकेच्या पाठोपाठ हा छोटासा देश आहे. ती सगळी कमाई अशाच एखाद्या पोत्यापासून सुरू होते.

अंगावरच्या घोंगड्यांकडे नीट बघा. बासोथो माणसाचं घोंगडं म्हणजे नुसतं थंडीचं पांघरूण नाही. लग्न, बाळंतपण, मुलाचं वयात येणं, प्रत्येक प्रसंगाचं घोंगडं वेगळं असतं. विणीत दिसणाऱ्या सरळ रेघा अंगावर उभ्या यायला हव्यात, आडव्या नव्हे. उभी रेघ वाढीची खूण मानतात. कणसाची नक्षी असेल तर ती सुफलतेची. दुकानात एक म्हातारे आजोबा अर्धा तास एकाच घोंगड्याची पोत बोटांनी चाचपत उभे होते. पैठणी निवडताना आपल्या आज्या पदर चाचपतात तसेच. मी काही न घेता तिथेच उभा राहिलो, आणि कुणी मला हटकलं नाही.

आणि झेंडे. घरासमोर काठीला पांढरं फडकं बांधलेलं दिसलं, तर तिथे ज्वालाची, म्हणजे ज्वारीपासून घरी केलेल्या दारूची विक्री आहे. पिवळं असेल तर मक्याची, लाल म्हणजे मांस, हिरवं म्हणजे भाजी. पाटी वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा बाजार. ज्वारीचं हे रूप बघून मला फार जवळचं वाटलं. धान्य तेच, आपण तव्यावर नेतो, ते रांजणात.

आता मोखोटलोंग. 'टकल्या आयबिस पक्ष्याची जागा' असा अर्थ. १९०५ मध्ये पोलिस चौकी म्हणून सुरू झालेलं हे ठाणं कित्येक दशकं जगापासून तुटलेलं होतं. मासेरूशी बिनतारी संपर्क सुरू झाला तो १९४७ मध्ये. तोवर आणि नंतरही मालाची सगळी ने-आण दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या, म्हणजे डर्बनच्या, बाजूने सानी घाटातून, खेचरं-गाढवांच्या पाठीवर. लोकर खाली जायची, पीठ-मीठ वर यायचं. आज हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. बँका, इस्पितळ, सरकारी कचेऱ्या, एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं. घोंगडी आणि घोडे इथेही आहेत, पण त्यांच्यामधून मालट्रक आणि सरकारी गाड्या वाट काढत असतात. जवळच पोलिहाली धरणाचं काम चालू आहे, दक्षिण आफ्रिकेला पाणी देणाऱ्या योजनेचा दुसरा टप्पा. त्यामुळे बाजारात कंत्राटदारांची माणसं भरपूर दिसतात, आणि राहायची जागा आधी ठरवून गेलेलं बरं.

मोखोटलोंगचं खरं देणं म्हणजे तिथवरचा रस्ता. मासेरूहून उत्तरेकडून वळसा घेत सुमारे २७० किलोमीटर, आणि त्यात ३२०० मीटरहून उंच खिंडी. वाटेत बुथा-बुथे हे सखल भागातलं शेवटचं मोठं गाव. तिथल्या मशिदीचा संबंध थेट आपल्याकडे पोहोचतो. १८९५ मध्ये डर्बनला उतरलेले सूफी साहेब नावाचे संत मूळचे कोकणातले, कल्याणशी नातं असलेले, आणि त्यांनी आफ्रिकेत उभारलेल्या मशिदींपैकी एक इथली. नाताळमधून व्यापारासाठी वर सरकलेल्या भारतीय कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती याच पट्ट्यात आहे. पुढे लेत्सेंगची हिऱ्याची खाण लागते. १९६७ मध्ये एर्नेस्टाइन रामाबोआ या बाईंना या भागात ६०१ कॅरटचा हिरा सापडला होता. त्याच वर्षी जूनमध्ये लेत्सेंगला उणे २०.४ अंश तापमान नोंदलं गेलं. खिडकीतून दिसणाऱ्या त्या उघड्या पठारावर दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

एवढं असूनही, एकच गाव निवडायचं असेल तर मी सेमोंकोंग सांगेन. कारण साधं आहे. मोखोटलोंगला पोहोचण्यात एक अख्खा दिवस जातो, परतीत दुसरा, आणि बाजार तेवढा निसटतो. सेमोंकोंगला सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचता येतं. दोन मुक्काम केले तर कामकाजाचा एक पूर्ण दिवस हातात राहतो. रविवार मात्र टाळा, त्या दिवशी गाव चर्चमध्ये असतं. महिन्यातले पेन्शनचे दिवस साधले तर फारच उत्तम. २००४ पासून सत्तरीपुढच्या जवळजवळ सगळ्यांना सरकारी पेन्शन आहे, आणि म्हातारी माणसं नातवंडांसह बाजारात उतरली की दुकानांची कळा बदलते. धबधबा दुसऱ्या दिवशी घोड्यावरून बघा. वाटाड्या गावातलाच घ्या.

मोखोटलोंग कुणी निवडावं? जे डर्बनकडून येणार आहेत आणि सानी घाट चढणारच आहेत त्यांनी. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने फोर बाय फोर गाडीशिवाय वर सोडत नाहीत. माथा २८७० मीटरच्या वर आहे आणि तिथून मोखोटलोंगपर्यंत रस्ता चांगला आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातलं सर्वांत उंच शिखर थाबाना न्त्लेन्याना, ३४८२ मीटर, याच बाजूला. डोंगर चढायचे असतील तर माझा सल्ला उलटा धरा.

खाण्यात दोन्हीकडे फार फरक नाही. पापा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत मोरोहो, चिरून शिजवलेला पाला. शाकाहारी माणसाचं यावर निभतं, फक्त पाल्यात मांसाचा रस्सा घातलाय का ते विचारा. शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या, पापाबरोबर झकास लागते.

हंगाम आपल्या उलटा. जून-जुलैत बर्फ, मोखोटलोंगच्या खिंडी तेव्हा बंदही पडतात. सेमोंकोंगला त्या दिवसांत धबधब्याच्या पायथ्याचा डोह गोठतो. ते बघण्यासारखं असतं, पण धार बारीक असते. पाणी भरपूर हवं असेल तर डिसेंबर ते मार्च, दुपारच्या वीज-पावसाची तयारी ठेवून.

लेसोथो चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेत पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, हे तिकिटाआधी बघा. दक्षिण आफ्रिकेचे रँड सगळीकडे चालतात. सुटे म्हणून लेसोथोचे मालोटी मिळतात, ते सीमा ओलांडण्याआधी खर्चून टाका, पलीकडे कुणी घेत नाही.

आणि दुकानात शिरताना थेट भाव विचारू नका. आधी 'दुमेला, न्ताते' किंवा बाई असतील तर 'दुमेला, म्मे' म्हणा. न्ताते म्हणजे वडील, म्मे म्हणजे आई. पायवाटेवर भेटलेला घोडेस्वार लगाम खेचून विचारेल, 'ऊ या काए?' म्हणजे 'कुठे निघालात?' गावाकडे आपल्यालाही हेच विचारतात. तसंच थांबून, सावकाश उत्तर द्या.