परवाना सांभाळायचा की आश्रय मागायचा?

मायदेशी परतणं धोक्याचं आहे, आणि तिसऱ्याच एखाद्या देशाचा रहिवासी परवाना अजून चालू आहे. अशा माणसापुढे दोन वाटा असतात. परवान्याचं नूतनीकरण करत तिथेच राहायचं, किंवा दुसऱ्या देशात जाऊन निर्वासित दर्जासाठी अर्ज करायचा. परवान्यावर नोकरी करता येते, मुलं शाळेत जातात, महिन्याचं गणित बसतं. अर्ज केला की यातलं बरंच काही काही काळ अधांतरी होतं. तरीही माझा कल अर्जाकडे आहे. तो सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. तो कुणाला लागू पडतो हे परवान्याच्या प्रकारावर ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. दुसऱ्या देशाचा परवाना आहे म्हणून अर्जच करता येत नाही, हे खरं नाही. १९५१ च्या निर्वासित करारात छळाची भीती नागरिकत्वाच्या देशाच्या संदर्भात तपासली जाते. दोन देशांचं नागरिकत्व असेल तर दोन्हीकडची भीती दाखवावी लागते, पण परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे. कोणत्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी तो पूर्वी जिथे नेहमी राहत होता तो देश मोजला जातो.

अडचण येते कलम १(ई) मुळे. राहत्या देशाने तुम्हाला तिथल्या नागरिकासारखेच हक्क आणि कर्तव्यं दिली असतील, तर करार तुम्हाला लागूच होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या मार्गदर्शिकेनुसार यासाठी हद्दपारीपासून पूर्ण संरक्षण असावं लागतं. मालकाने नोकरी संपवली की रद्द होणारा परवाना या मापात बसत नाही. कायमचा रहिवास मात्र बसू शकतो. ब्राझील आणि चिलीचा कायम रहिवास असलेल्या अनेक हैतियन लोकांचे अर्ज कॅनडात याच कलमावर अडले.

कॅनडाची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे, कारण प्रश्न कोणत्या क्रमाने येतात ते तिथे स्पष्ट दिसतं. परत येण्याचा, काम करण्याचा, शिकण्याचा आणि सामाजिक सेवांचा हक्क हे चार निकष १९९५ च्या शामलू निकालापासून वापरले जातात. २०१० च्या झेंग निकालाने तीन पायऱ्या घालून दिल्या. सुनावणीच्या शेवटच्या दिवशी तुमच्याकडे नागरिकांसारखा दर्जा आहे का? असेल तर तुम्ही करारातून बाद. नसेल, तर तो पूर्वी होता आणि गेला का, किंवा मिळू शकत असताना घेतला नाही का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर हे कलम आड येत नाही. ‘हो’ असेल तर तो दर्जा का गेला, तुमच्या मर्जीने गेला की मर्जीविरुद्ध, तिथे परत जाता येईल का, मायदेशी धोका किती, हे सगळं तोललं जातं.

म्हणूनच ‘आधी परवाना संपू द्या, मग अर्ज करा’ हा सल्ला घातक आहे. मुद्दाम संपू दिलेला दर्जा दुसऱ्या पायरीवर तुमच्याच विरोधात उभा राहतो. युरोपीय संघात तर त्याचा उपयोगच नाही. अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणाऱ्या डब्लिन-३ नियमावलीत ज्या सदस्य देशाने परवाना दिला तोच अर्जाला जबाबदार ठरतो. परवाना संपून २ वर्षं झाली नसतील आणि तुम्ही संघाबाहेर गेला नसाल, तरीही जबाबदारी त्याच देशाकडे जाते. तिची जागा घेणाऱ्या नव्या नियमावलीतही सूत्र हेच आहे, मुदत मात्र ३ वर्षं. म्हणजे पोलंडचा परवाना खिशात ठेवून जर्मनीत अर्ज केला, तर बहुधा पोलंडलाच परत पाठवलं जाईल. अमेरिकेच्या कायद्यात येण्याआधी दुसरीकडे पक्कं स्थिरावलेल्याला आश्रय नाकारता येतो, आणि अर्जही आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.

माझ्यापुरतं पारडं झुकवलं ते एका कटकटीने: पासपोर्ट.

परवाना कितीही चांगला असला, तरी तो ज्या राजवटीची भीती आहे तिच्याच पासपोर्टवर उभा असतो. नूतनीकरणाच्या वेळी पासपोर्टची मुदत शिल्लक लागते. ती संपत आली की दूतावासाची पायरी चढावी लागते, आणि दूतावासाला हे नेमकं ठाऊक असतं. इरिट्रियाच्या वकिलाती परदेशातल्या नागरिकांकडून उत्पन्नाचा २ टक्के कर मागतात आणि बेकायदा देश सोडल्याची कबुली देणाऱ्या पत्रावर सही घेतात. बेलारूसने सप्टेंबर २०२३ मध्ये परदेशातल्या दूतावासांत पासपोर्ट देणंच बंद केलं. नवा हवा असेल तर मायदेशी या, असा त्याचा सरळ अर्थ. अफगाण लोकांच्या बाबतीत २०२४ मध्ये तालिबानने युरोपातल्या अनेक दूतावासांची कागदपत्रं अमान्य ठरवली. या तिन्ही ठिकाणी परवान्याचे नियम बदलले नव्हते. त्याच्या पायाखालची फरशी दुसऱ्याच कुणीतरी काढून घेतली.

पुढचा पेच याहून वाईट आहे. दूतावासात जाऊन नवा पासपोर्ट घेतला, तर पुढे आश्रयाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो: ज्यांची भीती वाटते त्यांच्याकडे गेलात कसे? दर्जा मिळाल्यानंतर पासपोर्ट घेतला तर कलम १(क) मधल्या पहिल्या पोटकलमानुसार दर्जा संपवण्याची कारवाई होऊ शकते. मायदेशाचं संरक्षण तुम्ही स्वखुशीने पुन्हा स्वीकारलं असं तिथे गृहीत धरलं जातं, आणि ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते. परवान्याच्या वाटेवर तर हा फेरा दर पासपोर्टमागे एकदा ठरलेलाच.

निर्वासित दर्जा मिळाला की हा फेरा थांबतो. कलम २८ नुसार आश्रय देणारा देश स्वतःचं प्रवासपत्र देतो, आणि ते घेऊन बाहेर गेलेल्याला त्याच्या मुदतीत परत घेण्याचं बंधनही त्याच देशावर असतं. पूर्ण दर्जा आणि त्याखालचं पूरक संरक्षण (दर्जाच्या व्याख्येत न बसणाऱ्या, पण परतल्यास गंभीर इजेचा धोका असलेल्यांना मिळणारं) यांत इथेच मोठा फरक आहे. जर्मनीत पूरक संरक्षण मिळालेल्यांना पासपोर्टसाठी दूतावासाकडे पाठवलं जायचं. इरिट्रियाच्या त्या कबुलीपत्रावर सहीची सक्ती करता येणार नाही, हे ठरायला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचा ऑक्टोबर २०२२ चा निकाल लागला. पूर्ण दर्जा असणाऱ्यावर ती वेळच येत नाही. म्हणून पूरक संरक्षण देऊन पूर्ण दर्जा नाकारला असेल, तर अपिलाची मुदत तपासल्याशिवाय समाधान मानू नका.

अर्जाच्या वाटेचा तोटा लपवण्यात अर्थ नाही. अर्ज करताना बऱ्याच देशांत पासपोर्ट जमा करावा लागतो आणि निकालापर्यंत सहसा देशाबाहेर जाता येत नाही. तेवढ्यात जुना परवाना आपोआप जातो. अमिरातीचा नेहमीचा परवाना सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की रद्द होतो, युरोपीय संघाचा दीर्घकालीन रहिवास संघाबाहेर सलग १२ महिने राहिलं की जातो. अर्ज फेटाळला गेला तर परत जायला जागा उरत नाही. कुटुंब त्याच परवान्यावर अवलंबून असेल तर त्यांचाही परवाना जातो, म्हणून त्यांची सोय आधी लावावी. युरोपीय संघाच्या बऱ्याच देशांत दर्जा मिळाल्यापासून ३ महिन्यांत कुटुंबासाठी अर्ज केला, तर उत्पन्न आणि घराच्या अटी लागत नाहीत. या ३ महिन्यांत काहीतरी राहून जातं, आणि मग वर्षानुवर्षं पगाराच्या पावत्या जमवत बसावं लागतं.

परवाना लपवू नका. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड बोटांचे ठसे एकमेकांशी ताडून पाहतात, युरोपात त्यासाठी युरोडॅक ही ठशांची सामाईक नोंद आहे. परवाना सापडला म्हणून अर्ज पडतोच असं नाही, पण लपवलेला सापडला तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. उलट तो स्वतःहून पुढे ठेवा: कार्डाच्या दोन्ही बाजू, पासपोर्टचं प्रत्येक पान, नोकरीचा करार, नोकरी सुटली तर परवान्याचं काय होतं ते सांगणारा तिथल्या कायद्याचा उतारा भाषांतरासह, नूतनीकरण नाकारल्याचं पत्र असेल तर तेही. ‘तिथेच आश्रय का मागितला नाही?’ हा प्रश्न येणारच. सौदी अरेबिया, अमिराती, कतार, कुवेत, बहरीन आणि ओमान यांनी १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, मलेशियानेही नाही. तुर्कस्तानने सही केली, पण पूर्ण दर्जा फक्त युरोपातून आलेल्यांना ठेवला. हे उत्तर कागदासह तयार ठेवावं. परवान्याच्या काळात मायदेशी गेला असाल तर प्रत्येक फेरीची तारीख आणि कारण लिहून ठेवा. फॉर्म आणि मुलाखत यांतल्या तारखा जुळल्या नाहीत की अर्ज डळमळतो.

तेव्हा माझी मांडणी अशी. हातात कायम रहिवास असेल आणि तो देश करारात असेल, तर तो सोडू नका. पासपोर्टची कोंडी झाली तर त्याच देशात आश्रय मागा. तिथे राहत असताना मायदेशातली परिस्थिती बदलली तरी अर्ज करता येतो, आणि डब्लिनचा प्रश्नच उरत नाही. परवाना मालकावर किंवा दरवर्षीच्या नूतनीकरणावर लटकलेला असेल आणि देश कराराबाहेरचा असेल, तर मी अर्जाची वाट धरेन, आणि तीही परवाना चालू असताना. पासपोर्टची मुदत संपायला वर्षभर उरलं असेल तेव्हाच वकील गाठावा. शेवटच्या ६ महिन्यांत बऱ्याच देशांचा व्हिसा मिळत नाही, आणि विमान कंपन्याही चढू देताना अडवतात.