अगार प्लेट की मायक्रोफ्लुइडिक चिप? मुळांच्या पेशी अभ्यासणाऱ्यांसाठी

मुळाच्या पेशी नायट्रेट किंवा फॉस्फेटला कसा प्रतिसाद देतात, हे पाहायचं असेल तर आधी एक ठरवा. तुम्हाला हवा तो बदल मिनिटांत घडतो की दिवसांत?

दिवसांत घडत असेल, म्हणजे मुळांची लांबी, उपमुळांची संख्या वगैरे मोजायची असेल, तर उभी ठेवलेली अगार प्लेटच (जेलीसारख्या माध्यमाची बशी) घ्या. स्वस्त आहे, एकावेळी डझनांनी रोपं वाढतात आणि साध्या स्कॅनरवर मोजमाप होतं. धोका एकच, पण मोठा: अगारमध्ये मुळातच थोडं फॉस्फेट आणि इतर खनिजं असतात. ‘फॉस्फेटविरहित’ माध्यम खरोखर तसं असेलच असं नाही आणि अगारचा ब्रँड बदलला की निकालही बदलू शकतात.

मिनिटांतला बदल प्लेटवर पकडणं मात्र अवघड. रोप उचलून दुसऱ्या प्लेटवर ठेवलं की नुसत्या स्पर्शानेही पेशीतलं कॅल्शियम वाढतं. मग दिसलेली कॅल्शियमची लाट नायट्रेटची की चिमट्याची? मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये, म्हणजे अतिशय अरुंद वाटांतून द्रावण वाहणाऱ्या छोट्या पट्टीत, मूळ जागचं हलत नाही, फक्त भोवतालचं द्रावण बदलतं. 2011 मध्ये वुल्फ फ्रोमर आणि स्टीफन क्वेक यांच्या गटांनी मांडलेल्या ‘रूटचिप’मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाची मुळं अशाच वाहत्या द्रावणात ठेवून पेशींमधल्या साखरेची चढउतार चालू असतानाच पाहिली. 2018 च्या ‘ड्युअल-फ्लो रूटचिप’ने तर एकाच मुळाच्या दोन बाजूंना दोन वेगळी द्रावणं दिली. इतक्या अरुंद वाटेत प्रवाह सहसा मिसळत नाहीत, म्हणून हे जमतं. मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते, कारण मातीतही मुळाला सगळीकडे सारखं अन्न मिळत नाही.

पण चिप वेळ खाते. साच्यासाठी बहुधा क्लीनरूम (धूळमुक्त खोली) लागते, हवेचा बुडबुडा अडकला तर प्रयोग वाया जातो आणि एका खेपेत मोजकीच मुळं बसतात. चिप बहुधा ज्याची बनते ते पीडीएमएस हे पारदर्शक सिलिकॉन हवा आत येऊ देतं, पण तेलात विरघळणारे छोटे रेणू शोषून घेतं. नायट्रेटला त्याची बाधा नाही. रंगद्रव्यं किंवा इनहिबिटर (पेशीतली एखादी क्रिया रोखणारे पदार्थ) वापरणार असाल तर पेशींपर्यंत खरी मात्रा किती पोचते, ते तपासा.

प्रवाह बदलण्याचाही धक्का बसतो, हे लक्षात ठेवा. पोटॅशियम नायट्रेट देण्याआधी तितकंच पोटॅशियम क्लोराइड त्याच वेगाने सोडून पाहा. हे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची चाचणी, नसेल तर त्या आलेखावर मी विश्वास ठेवणार नाही.

भात किंवा ज्वारीवर काम करणार असाल तर तयार आराखडा उचलू नका. तो बहुधा सुमारे दशांश मिलिमीटर जाडीच्या अरॅबिडॉप्सिसच्या मुळासाठी बेतलेला असतो. रुंद वाटेचा नवा साचा करवून घ्या आणि तोवर मात्रांचा अंदाज प्लेटवर घ्या.