स्मृतिप्रीत्यर्थ फराळाच्या पिशव्या: पंचवटीतल्या महिला बचत गटाची सेवा कशी आहे?

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी दिवाळीला कढई चढत नाही. तळण नाही, गोडधोड नाही. नातेवाईक आपापल्या घरचे डबे आणून देतात आणि सण कसाबसा पार पडतो. अशा घरांसाठी नाशिकच्या पंचवटीतला हा महिला बचत गट एक चांगलं काम करतो. गेलेल्या माणसाच्या नावाने फराळाच्या पिशव्या तयार करून पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर किंवा शहरातल्या वृद्धाश्रमात पोचवतो. ऑर्डर कमीत कमी ५० पिशव्यांची. एका पिशवीत साधारण एक किलो फराळ, दर ४४० रुपये. कापडी पिशवीचे १८ रुपये वेगळे आणि गाडीभाडंही वेगळं. आमच्याकडून ५ पैकी ४ गुण. खाण्याच्या वस्तूंत बोट ठेवायला फारशी जागा नाही. एक गुण कापला तो वाटपाच्या बाजूने, त्याबद्दल पुढे.

पिशवीत चार गोष्टी ठरलेल्या असतात: भाजक्या पोह्यांचा चिवडा २५० ग्रॅम, भाजणीची चकली २०० ग्रॅम (मध्यम आकाराच्या आठ-नऊ), शेव २०० ग्रॅम, शंकरपाळी २०० ग्रॅम. पाचवी वस्तू तुम्ही सांगायची. ऑर्डर लिहून घेताना गटाच्या वहीत एक रकाना असतो, ‘त्यांना काय आवडायचं?’ बहुतेक लोक बेसनाचे लाडू सांगतात. कुणी रव्याचे सांगतं, कुणी अनारसे, कुणी खारी बुंदी. जे सांगाल ते पाचवं. दीडशे ग्रॅमचीच वस्तू, पण या एका रकान्यामुळे पिशवी खरोखर त्या माणसाची होते. अशी ऑर्डर घेणारे बाकीचे लोक फक्त नाव आणि तारीख विचारतात, वहीतला हा प्रश्न आम्ही इथेच पाहिला.

आता एकेक पदार्थ. चकलीची भाजणी गट स्वतः भाजतो: तांदूळ चार भाग, हरभरा डाळ दोन भाग, उडीद डाळ एक भाग, वर धने-जिरे. किलोभर भाजणीला सव्वाशे ग्रॅमच्या आत कडकडीत तेलाचं मोहन. मोहन जास्त पडलं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताखाली दगड लागतो. इथली चकली मधे मोडून पाहिली. आत बारीक पोकळ नळी दिसते, काटे शाबूत राहतात आणि हाताला तेल लागत नाही. वाटपाची चकली मऊ पडण्याचं मुख्य कारण पीठ नसून घाई असते. कोमट चकली पिशवीत भरून सील केली की वाफ आतच राहते, पिशवीला आतून दव धरतं आणि दुसऱ्या दिवशी चकली चामट लागते. हा गट संध्याकाळी तळलेला माल रात्रभर सुती कापडावर पसरून ठेवतो आणि सकाळी भरतो. वर्तमानपत्रावर पसरत नाहीत, हे मुद्दाम बघून घेतलं. छपाईची शाई तेलात उतरते, म्हणून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रावर ठेवू नयेत.

लाडवांबद्दल ऑर्डर देतानाच एक गोष्ट विचारा: तूप की वनस्पती? ४४० रुपयांत तुपाचेच लाडू मिळतात. मात्र वनस्पतीत केले तर दर किती उतरेल हेही त्या स्वतःहून सांगतात. आमच्या मते तुपाचेच घ्यावेत, हवं तर दहा पिशव्या कमी कराव्यात. प्रमाण किलो बेसनाला अर्धा किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर. बेसन कच्चं राहिलं किंवा तूप सढळ पडलं की लाडू बसतो, म्हणजे खालून चपटा होतो आणि गाडीत एकमेकांना चिकटतो. आलेल्या पिशव्यांतले लाडू गोल होते, बेसन खमंग भाजलेलं होतं आणि टाळूला चिकटत नव्हतं. वेलदोडा जरा कमी वाटला.

चिवडा तळलेल्या पोह्यांचा न घेता भाजक्या पातळ पोह्यांचा घ्या. नाशिकचा म्हणून सगळीकडे जातो तो तिखट, लसूण-कांद्याचा चिवडा चवीला भारीच, पण तो तेलकट आणि मसालेदार. लहान मुलं आणि म्हातारी माणसं खाणार असतील तर भाजका बरा. सुक्या खोबऱ्याचे काप मात्र काढून टाकायला सांगा. पाकिटात सगळ्यात आधी खवट होतात ते तेच, आणि एका कापाचा वास सगळ्या चिवड्याला लागतो. गटाने ते न सांगताच कमी घातले होते. ओल्या नारळाची करंजी कुणी कितीही आग्रह केला तरी करत नाहीत, कारण ती दोन-तीन दिवसांत उतरते. सुक्या खोबऱ्याची करतात, पण घाटात ती फुटते, त्यामुळे पाड्यावरच्या ऑर्डरीत करंजी नकोच.

पॅकिंगमध्ये रचनेला महत्त्व आहे. खाली लाडवांचा पुठ्ठ्याचा डबा, त्यावर शंकरपाळी, मग चकली, सगळ्यात वर शेव आणि चिवडा. ही रचना उलटली की शेवेचा भुगा होतो. नाशिक ते पेठ साधारण पन्नास किलोमीटर, मधे सावळघाट. वळणावर पिशव्या एकमेकींवर आदळतात. ५० पिशव्यांचं वजन फार नसतं, पण जागा बरीच लागते, म्हणून छोटा हत्ती करावा. एकावर एक दोनच थर ठेवावेत आणि थरांमधे गोणपाट टाकावं. प्रत्येक पाकिटावर बनवल्याची तारीख, वजन आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक असतो. दुसरीकडून घेत असाल तर आधी हा क्रमांक बघा. तो नसेल तर तिथून घेऊ नका. खाणारं माणूस अनोळखी असतं, त्याचं पोट बिघडलं तर विचारायला कुणी जागेवर नसतं.

नावाच्या लेबलाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण लोक इथेच चुकतात. अनेक घरांना वाटतं की पाकिटावर माणसाचा फोटो छापावा. तसं करू नका. पाकीट फोडलं की ते कचऱ्यात जातं, अंगणात पडतं, पायाखाली येतं. आपल्या आईचा फोटो तिथे पडलेला कुणालाच बघवणार नाही. गट त्याऐवजी कापडी पिशवीच्या बंदाला एक जाड कागदाची चिठ्ठी बांधतो. तिच्यावर फक्त नाव, गाव आणि एक ओळ. पिशवी पुढे वर्षभर भाजीला, दळणाला वापरात राहते आणि चिठ्ठी कुणी जपली तर जपली. चिठ्ठीचा नमुना छपाईआधी मागून घ्या आणि तीन गोष्टी तपासा. पहिली, शब्द ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ असाच हवा. छापखान्यातून ‘स्मृतीप्रित्यर्थ’ येतो आणि घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी, ‘कै. सौ.’ की ‘कै. श्रीमती’. नवरा हयात असताना गेलेल्या बाईसाठी पहिलं, नंतर गेलेल्या बाईसाठी दुसरं. यावरून नंतर घरात बोलाचाली होतात. तिसरी, देणाऱ्यांची नावं. ती चिठ्ठीवर नसली तरी चालतं, आणि आमच्या मते नसावीतच.

आता वाटप. गट माल पोचवतो, पण पाड्याची यादी करत नाही, आणि कापलेला गुण याच कारणासाठी. यादी तुम्हालाच करावी लागते. तिथल्या आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा शाळेतले गुरुजी यांच्याकडून उंबऱ्यांची संख्या घ्या. माणसं मोजू नका, उंबरे मोजा. ६४ उंबरे असतील तर ७० पिशव्या सांगा. एकत्र राहणारे दोन भाऊ वेगळी चूल मांडून असतात आणि यादीत एकच धरले जातात. पाच घरं उरली आणि पिशव्या संपल्या तर तो सण त्या पाच घरांना बोचतो. अशा वेळी अख्खं वाटप थांबवून कमी पडलेला माल दुसऱ्या दिवशी पाठवलेला बरा.

वेळेचं गणित तर त्याहून नाजूक. आश्रमशाळेतल्या मुलांसाठी द्यायचं असेल तर दिवाळीची सुट्टी लागायच्या निदान तीन दिवस आधी माल पोचला पाहिजे. सुट्टी लागली की मुलं आपापल्या पाड्यावर जातात, मग वसतिगृहाला कुलूप आणि गाडी दारात उभी. पाड्यावर द्यायचं असेल तर वसुबारसेच्या आदल्या दिवशी द्या. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी घरांत वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस असते, वाघदेवाची पूजा होते आणि गुराखी पोरं जमतात. हा त्यांचा स्वतःचा सण, आपला माल त्याच्या आधी हातात पडलेला चांगला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गाडी नेण्यात अर्थ नाही. तेव्हा भातकापणी चालू असते आणि दिवसा घरात फक्त म्हातारी माणसं असतात. गाडी संध्याकाळी चारनंतर पाड्यात शिरेल असं बघा. काही घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीच्या कामाला गेलेली असतात, त्यांची पिशवी शेजाऱ्याकडे नाव लिहून ठेवावी.

वृद्धाश्रमासाठी हीच पिशवी जशीच्या तशी देऊ नका. कवळी असलेल्या माणसाला कडक चकली म्हणजे नुसता त्रास, आणि मधुमेह असलेले बरेच असतात. गटाला आधी सांगितलं तर चकलीऐवजी पातळ शेव, दाणे न घातलेला चिवडा आणि मऊ रवा लाडू अशी वेगळी पिशवी करून देतात, दर तोच. आश्रमाच्या व्यवस्थापकांना फोन करून किती जणांना साखर चालत नाही ते विचारा आणि तेवढ्या पिशव्यांतून लाडू-शंकरपाळी काढून चिवडा वाढवा. बिनसाखरेची मिठाई म्हणून बाजारातून काहीबाही आणण्यापेक्षा हे बरं. खरं तर तिथे फराळ मुबलक येतो, सगळा एकाच आठवड्यात. तुळशीच्या लग्नानंतर, डबे रिकामे झाले की गेलात तर त्या पिशवीची जास्त वाट बघितली जाते.

फोटोंबद्दल गटाचा नियम आहे: वाटप घेणाऱ्या माणसांचे फोटो काढत नाहीत. रचलेल्या पिशव्यांचा एक फोटो आणि सह्या-अंगठ्यांची यादी पाठवतात. काही ग्राहकांना हे कमी वाटतं. आम्हाला हे पटतं. पिशवी हातात धरून रांगेत उभं राहिलेलं पोर पुढे वर्षानुवर्षं कुणाच्या तरी मोबाइलमध्ये फिरत राहावं, असं गेलेल्या कुठल्याही आजीला आवडलं नसतं.

पैशाचं थोडक्यात. अर्धी रक्कम आगाऊ, गटाच्या बँक खात्यावरच भरा, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. भाजणी दळली की ऑर्डर रद्द होत नाही. बिल मिळतं, पण ते खरेदीचं बिल आहे, देणगीची पावती नव्हे. करसवलत हवी असेल तर ८०जी म्हणून ओळखली जाणारी, देणगीवरच्या सवलतीची नोंदणी असलेल्या संस्थेला पैसेच द्यावे लागतात. वस्तू दिल्या तर सवलत नाही, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही आणि नवीन करप्रणाली निवडली असेल तर मुळातच नाही. बिलावर पाड्याचं नाव आणि पिशव्यांची संख्या मात्र लिहून घ्या, भावंडांत खर्च वाटायचा असेल तर उपयोगी पडतं.

हाच गट डिसेंबरात ब्लँकेटंही देतो. ती घेऊ नका. बाहेरून आणून पुढे विकलेली आहेत, हाताला पातळ लागतात आणि निफाडकडच्या थंडीत ती पुरणार नाहीत. ब्लँकेट थेट ठोक दुकानातून, वजन करून आणि घडी उलगडून बघून घ्या. या बायकांचा हात फराळात आहे, तोच त्यांच्याकडून घ्यावा.

ऑर्डर कोजागरीच्या आत द्या. कोजागरी ते वसुबारस बाराच दिवस. त्यात डाळ-तांदूळ धुऊन वाळवणं, भाजणं आणि दळणं यात चार दिवस जातात, पाऊस लांबला तर सहा. अनारसे हवे असतील तर तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि नंतर पीठ मुरावं लागतं, म्हणून ते दसऱ्यालाच सांगून ठेवा. फोन दुपारी दोन ते चारमध्ये करा. बाकीच्या वेळी सगळ्यांचे हात पिठात असतात.