पाटणची मुक्कामी एसटी आणि आमचे मास्तर : पाचपैकी साडेचार

पुण्याहून शुक्रवारी दुपारी निघायचं, कराडला उतरून पाटण गाठायचं आणि पाटणहून संध्याकाळची मुक्कामी एसटी धरायची, हा माझा गेली अकरा वर्षं ठरलेला रस्ता. शहरातल्या मंडळींसाठी सांगते, मुक्कामी म्हणजे रात्री शेवटच्या गावात जाऊन थांबणारी गाडी, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, दवाखान्याची माणसं घेऊन खाली तालुक्याला येते. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात वर डोंगरात, शेवटचा स्टॉप.

गाडीबद्दल थोडक्यात. साधी लाल गाडी. बायकांना १७ मार्च २०२३ पासून तिकीट अर्धं झालंय आणि आमच्या आज्जीची पंचाहत्तरी उलटलेली, तिला फुकट, त्यामुळे आता ती दर महिन्याला डोळे तपासायला एकटी जाते, कुणापुढे शंभर रुपयांसाठी हात पसरावा लागत नाही. पावसात घाट असतो, ड्रायव्हर उगाच घाई करत नाहीत. झालं गाडीचं.

मला लिहायचंय ते मास्तरांबद्दल. कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात.

मागच्या जुलैतली गोष्ट, पाऊस नुसता कोसळत होता, गाडी सुटायची वेळ झाली, ड्रायव्हरनी इंजिन चालू केलं आणि मास्तर एक पाय पायरीवर, एक फलाटावर ठेवून छत्री धरून रस्त्याकडे बघत उभे. आतून एकजण ओरडला, "मास्तर, मारा की डबल!" तर हे म्हणाले, "थांबा जरा, अकरावीची पोरगी यायचीय, आज प्रॅक्टिकल होतं तिचं. ही गाडी गेली तर रात्री कुठं जाईल ती?" तीनेक मिनिटांनी ती आली पळत, दप्तर पोटाशी आवळून, चप्पल हातात. मास्तरांनी दप्तर वर घेतलं, तिला सीट दिली आणि मग दोरी दोनदा ओढली. कुणीही काही बोललं नाही, मघाशी ओरडलेल्या माणसानंच तिला टॉवेल दिला.

त्याच दिवशी मी पुढच्याच सीटवर होते म्हणून आणखी एक बघितलं. गाडी सुटायच्या आधी मेडिकलवाल्याच्या पोरानं इन्सुलिनचं पाकीट आणून दिलं, गावातल्या एका म्हाताऱ्यासाठी. कुणीही असतं तर ते पुढं बॉनेटजवळ टाकलं असतं, सगळ्या पिशव्या तिथंच पडतात. मास्तरांनी ते स्वतःच्या जेवणाच्या पिशवीत गार पाण्याच्या बाटलीला चिकटवून ठेवलं आणि वर रुमाल घातला. "इंजिनची धग लागते तिथं, औषध वाया जाईल," एवढंच म्हणाले. गावात पोचल्यावर हिशोब जुळवायच्या आधी ते पाकीट घरी पोचतं करून आले, तिकिटाचं मशीन अजून गळ्यात तसंच.

पहाटे साडेपाचला पहिला हॉर्न, पावणेसहाला दुसरा. मंगळवारी मात्र दोन हॉर्नच्या मधे मास्तर बॅटरी घेऊन खालच्या आळीत जातात कारण तिथल्या एका काकांना डायलिसिसला कराडला जायचं असतं आणि त्यांना चढ चढताना दम लागतो. हात धरून आणतात, दाराजवळची सीट त्यांची. ह्यातलं एकही काम त्यांच्या ड्युटीत लिहिलेलं नाही आणि न केल्याबद्दल कुणी मेमोही देणार नाही.

मी स्वतः एचआरमध्ये आहे, त्यामुळे हे बघितलं की डोक्यात कामाचंच येतं. माइयर आणि ॲलन ह्या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये माणूस नोकरीत का टिकतो ह्याची तीन कारणं वेगळी करून मांडली. एक, त्याचा तिथं जीव असतो. दोन, सोडलं तर नुकसान होईल, दुसरीकडे काय मिळणार, म्हणून नाइलाजानं टिकतो. तीन, सोडणं बरं दिसत नाही, मिठाला जागायचं असतं म्हणून. हजेरीच्या मस्टरवर तिघंही सारखेच दिसतात, पण कुणी न सांगता दुसऱ्याचं काम उचलणारा, नव्या माणसाला शिकवणारा, लोकांसमोर आपल्या संस्थेची बाजू घेणारा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारातला निघतो. नाइलाजानं टिकलेला लिहून दिलेलं तेवढं करतो, आणि त्यात त्याची चूकही नाही. हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. मी हे आधी ट्रेनिंगच्या स्लाइडवर वाचलं होतं, पटलं ते मुक्कामी गाडीत.

एकदा रात्री आईनं मास्तरांना भाकरी आणि खरडा पाठवला होता तो द्यायला गेले तेव्हा सरळ विचारलं, मास्तर, हे सगळं कशासाठी करता हो? ते म्हणाले, "ताई, वडील माझे डेपोत मेकॅनिक होते, मी शाळेतनं आलो की पाना धरून त्यांच्याशेजारी बसायचो. आता गाडीत काय कमीजास्त झालं तर लोक मला नावानं शिव्या देत नाहीत, एसटीला देतात. ते मला लागतं बघा." मला हे वाक्य फार मोठं वाटतं. आपल्या ऑफिसात कंपनीला कुणी नावं ठेवली तर किती जणांना लागतं?

आणि संपाचं बोलल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. एसटी राज्य सरकारात विलीन करा ह्या मागणीसाठी ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, जवळजवळ साडेपाच महिने, आणि नव्वद हजारांच्या वर कर्मचारी असलेली एसटी राज्यभर ठप्प झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२० मध्ये, ह्याच लोकांनी परराज्यातल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडलं होतं, नंतर मुंबईत बेस्टच्या मदतीला जिल्ह्याजिल्ह्यातले चालक-वाहक गेले होते, आणि त्या काळात पगार मात्र रखडत होते. आमच्या गावात संपावरून दोन तट पडले होते, काही जण म्हणायचे एवढं प्रेम होतं तर गाडी बंद का केली. मी तेव्हा मास्तरांना फोन केला होता, ते चुलतभावाच्या टेम्पोवर जात होते. म्हणाले, "सोडून जायचं असतं तर विलीनीकरण कशाला मागितलं असतं? आम्ही राहायचंच म्हणतोय की." मला त्यात जराही विसंगती दिसली नाही, दिसत नाही. ज्याला घर आपलं वाटतं तोच घरात भांडतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं मूळ वेतनात वाढ जाहीर केली ती अशी: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५००० रुपये, दहा ते वीस वर्षंवाल्यांना ४०००, आणि वीसच्या वर सेवा झालेल्यांना २५००. नव्या पोरांचा पगार खरंच फार कमी होता, त्यांना जास्त देणं गरजेचं होतं हे मान्यच. पण पंचवीस वर्षं मुक्काम काढलेल्या माणसाला ते वाचून काय वाटलं असेल ह्याचा विचार कुणीतरी करायला हवा होता. आमच्याच गाडीवर पूर्वी एक ड्रायव्हर होते, शाळेच्या पोरांसाठी स्टॉप नसलेल्या वळणावरही गाडी उभी करायचे, संपानंतर कामावर आले तेव्हा मास्तरांना म्हणाले, आता ड्युटी संपली की संपली. गाडी तेवढीच नीट चालवायचे, वेळेवर न्यायचे, बोलायचे कमी. वळणावरची पोरं मात्र पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायला लागली. त्यांची तक्रार कुणाकडे करणार आणि काय म्हणून करणार? नियमात सगळं बरोबरच होतं.

असंच मी एका कंपनीत जवळून बघितलंय, नाव घेत नाही. तिथं एक ताई नव्या लोकांना आपणहून सगळं शिकवायच्या, कुणाचा पगार अडकला तर अकाउंट्सला जाऊन बसायच्या. एका वर्षी अप्रेझलमध्ये त्यांना "स्वतःच्या कामावर लक्ष द्या" असं लेखी आलं. त्यांनी दिलं. नंतरच्या सहा महिन्यांत किती नवी पोरं सोडून गेली ते मी रजिस्टरमध्ये बघितलंय, आणि ते पत्र टाइप करणाऱ्यांत मी पण होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आता भाड्याच्या ई-बस येतायत, ज्यात ड्रायव्हर कंत्राटदाराचा आणि कंडक्टर एसटीचा, तेव्हा मला आधी गाडीच्या एसीपेक्षा हाच प्रश्न पडतो. तो ड्रायव्हर माणूस म्हणून चांगलाच असणार, पण त्याची नोकरी एकाकडे, कपाळावर नाव दुसऱ्याचं. एसटीला कुणी बोललं तर त्याला का लागावं? १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली तेव्हापासून दोन-दोन पिढ्या एकाच डेपोत राबलेली घरं आहेत, मास्तरांसारखी. हे टेंडर काढून मिळत नाही.

साडेचार का, तर मास्तरांना पाचच. अर्धा कापलाय तो वरच्यांचा, कारण तीन मिनिटं थांबलेली गाडी लॉगशीटवर उशीर म्हणूनच दिसते आणि ती का थांबली हे लिहायला तिथं रकानाच नाही.

तुम्ही कधी मुक्कामीनं गेलात तर सुट्टे पैसे ठेवा, अर्ध्या तिकिटांमुळे मास्तरांचा जीव चिल्लरमध्ये जातो. सामान बॉनेटवर टाकू नका. आणि कुणी मास्तर असे भेटले तर उतरताना छातीवरचा बिल्ला नंबर बघून ठेवा आणि डेपोत लेखी द्या. मी मागच्या महिन्यात दिलं. खिडकीतल्या साहेबांनी पेन पुढं केलं आणि विचारलं, तक्रार काय आहे? मी म्हटलं तक्रार नाही, चांगलं लिहायचंय. त्यांनी अर्ज घेतला, उभ्या उभ्या सगळा वाचला, इन्सुलिनच्या ओळीपाशी थांबले आणि म्हणाले, बसा ताई, ह्याची पोच देतो, शिक्का मारून.