यील्ड स्ट्रेंथचा आकडा कुठून उचलायचा: वेबसाइट, स्टँडर्ड, सर्टिफिकेट की स्वतःची टेस्ट?

६०६१-टी६ ॲल्युमिनियमची यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणानंतर मटेरियल कायमचं वाकतं तो) नेटवर शोधली की बहुतेक ठिकाणी २७६ मेगापास्कल मिळते, आणि तोच आकडा तसाच ॲनालिसिसमध्ये टाकून फॅक्टर ऑफ सेफ्टी काढला जातो. एक्स्ट्रुजनचं, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या प्रोफाइलचं, एएसटीएम स्टँडर्ड उघडा, तिथे किमान २४० आहे. चूक कुणाचीच नाही, २७६ म्हणजे साधारणपणे जेवढी मिळते तेवढी, आणि २४० म्हणजे याच्या खाली गेलं तर माल रिजेक्ट. सोर्स निवडताना आधी हे बघा की तो आकडा कशाची हमी देतोय.

मॅटवेबसारख्या मटेरियल डेटाच्या साइट आणि हँडबुकं मटेरियल शॉर्टलिस्ट करायला एकदम बेस्ट. डेन्सिटी, थर्मल एक्स्पान्शन, यंग्स मॉड्युलस (मटेरियलचा ताठरपणा) बिनधास्त तिथून घ्या, कारण हे फारसे हलत नाहीत. साध्या कार्बन आणि अलॉय स्टीलचा मॉड्युलस २०० ते २१० गिगापास्कलच राहतो, ग्रेड कितीही भारी घ्या, त्यामुळे पार्ट जास्त वाकत असेल तर महाग स्टील घेऊन काही होत नाही, सेक्शनच बदलावा लागतो. स्ट्रेंथचं मात्र तसं नाही. ४१४० हे अलॉय स्टील ॲनील केलेलं (तापवून हळू थंड करून मऊ केलेलं) असेल तर यील्ड ४०० मेगापास्कलच्या आसपास, तेच क्वेंच-टेम्पर केलं (झटकन थंड करून पुन्हा थोडं तापवलं) की दुपटीच्याही वर जाऊ शकतं, म्हणून हीट ट्रीटमेंटची कंडिशन न लिहिता नुसतं ‘४१४०’ लिहिलेला आकडा मी तरी डिझाइनला घेणार नाही.

लोड घेणाऱ्या पार्टसाठी माझं मत सरळ स्टँडर्डच्या किमान व्हॅल्यूला, आणि तीसुद्धा जाडी बघून. एस३५५ या स्ट्रक्चरल स्टीलला ३५५ मेगापास्कल मिळते ती १६ मिमीपर्यंतच, पुढे ४० पर्यंत ३४५ आणि ६३ पर्यंत ३३५, हे नावात कुठे दिसत नाही आणि जाड प्लेट वापरणारे नेमके इथेच फसतात. विमानाच्या कामात तर याहून कडक, तिथे ए-बेसिस व्हॅल्यू असते, म्हणजे किमान ९९ टक्के मटेरियल त्या आकड्याच्या वर असेल हे ९५ टक्के कॉन्फिडन्सने सांगितलेलं असतं, बी-बेसिसला तेच ९० टक्के.

मग एस३५५ चं ३.१ सर्टिफिकेट (त्या लॉटची टेस्ट करून उत्पादकाने दिलेलं) हातात आहे आणि त्यावर ४१० आलंय, तर ४१० का नको? कारण तो त्या लॉटच्या सॅम्पलचा आकडा आहे, पुढच्या ऑर्डरला ३६० आला तरी माल पासच होणार आणि तुमचं डिझाइन मात्र ४१० वर उभं. सर्टिफिकेट माल तपासायला वापरा, हिशोब किमान व्हॅल्यूवरच ठेवा. तुटलेल्या पार्टची चौकशी करायची असेल तेव्हा मात्र याच कागदाला खरी किंमत आहे.

प्लास्टिकला सप्लायरची डेटाशीट लागतेच, पण कॉलम नीट वाचा. बिनफायबरचं नायलॉन ६६ कोरडं असताना मॉड्युलस ३ गिगापास्कलच्या आसपास, हवेतला ओलावा प्यायलं की साधारण निम्म्यावर येतो, आणि डेटाशीटवर बऱ्याचदा कोरडाच आकडा आधी छापलेला असतो. शिवाय हे सगळे थोड्या वेळाच्या टेस्टचे आकडे, क्लिप महिनोन्महिने ताणलेली राहणार असेल तर क्रीपचे, म्हणजे सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जाण्याचे, ग्राफ मागून घ्या.

स्वतःची टेस्ट वेळ खाते, पैसेही खाते, पण वेल्ड, थ्रीडी प्रिंट आणि फटीगला (पुन्हापुन्हा लोड येऊन तुटणं) मला दुसरा चांगला पर्याय दिसत नाही. ६०६१-टी६ ची फटीग स्ट्रेंथ ९७ मेगापास्कल म्हणून जी सगळीकडे फिरते ती पॉलिश केलेल्या, फिरत्या, गुळगुळीत नमुन्यावर ५० कोटी सायकलला मोजलेली आहे, तुमच्या पार्टला खाचा आहेत, मशीनिंगच्या रेघा आहेत आणि वेल्ड असेल तर त्याच्या शेजारी टी६ ची ताकद आधीच बरीच उतरलेली असते. नमुना त्याच प्रोसेसने बनवा, प्रिंट असेल तर लेयरना काटकोनातल्या दिशेतलाही घ्या, आणि एकच नमुना तोडून थांबू नका, पाच-सहा तरी तोडा म्हणजे आकडे किती पसरतात ते दिसेल.