अलिबाग की मुरुड? दोन दिवसांची सुट्टी असेल तर

दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे पाण्यातला किल्ला, नारळ-सुपारीच्या वाड्या, ताजे मासे, मग फरक काय असं वाटणं साहजिक आहे, आणि म्हणूनच बरेच जण अलिबागला रूम घेतात आणि दुसऱ्या दिवशी "चला मुरुडचा जंजिरा किल्ला पण करून येऊ" म्हणत निघतात. मला विचाराल तर हे करू नका. अंतर ५० किमीच्या आसपासच आहे पण रस्ता गावागावातून, वळणावळणाचा, रेवदंड्याच्या पुलाला आणि काशीदला गर्दी, म्हणजे जायला दीड-दोन तास, तेवढेच यायला, वर राजपुरीला होडीची लाईन, आणि मग त्या एवढ्या मोठ्या किल्ल्यात तुम्ही घड्याळाकडे बघत पळताय. एक काहीतरी ठरवा आणि तेच नीट बघा. कुठलं ठरवायचं ते तुमच्यासोबत कोण आहे आणि ओहोटी किती वाजता आहे यावर आहे, कसं ते सांगते.

आधी पोचायचं कसं. मुंबईहून अलिबागला गाडीची गरजच नाही. गेटवेहून मांडव्याला लाँच, साधारण तासाभरात, आणि बहुतेक लाँचवाल्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते, पाऊण-एक तास. गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, २०२० पासून सुरू आहे, गाडी आत चढवायची आणि वर जाऊन बसायचं, वडखळच्या ट्रॅफिकमधून सुटका. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, रो-रो पावसात पण चालते पण हवामान बिघडलं तर फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट निघण्याआधी चौकशी कराच. अलिबागमध्ये उतरल्यावर रिक्षा, मिनीडोर, एसटी सगळं मिळतं, वरसोली, आक्षी, नागाव सगळं जवळ जवळ.

मुरुडला मात्र स्वतःची गाडी असेल तर बरं. मुंबईहून १५० किमीच्या आसपास, सुट्टीच्या दिवशी पाच तास धरून चाला. एसटी आहे, अलिबागहून पण आहे, पण मग काशीद, कोर्लई हे सगळं मधे उतरून बघता येत नाही. पुणेकरांचं गणित थोडं वेगळं आहे, त्यांना अलिबाग खोपोली-पेणवरून आणि मुरुड ताम्हिणी-माणगाव-इंदापूर-तळा करत, दोन्हीत वेळेचा फार फरक पडत नाही, उलट ताम्हिणीचा रस्ता जास्त देखणा आहे, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्यांनी मुरुड लांब म्हणून सोडू नये.

आता किल्ले, कारण खरी निवड इथेच होते.

अलिबागचा कुलाबा किल्ला म्हणजे शिवाजी महाराजांनी अगदी शेवटच्या काळात, १६८० मध्ये बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला. पुढे हे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले तरी त्यांना हा घेता आला नाही. आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, आंग्र्यांच्याच काळातलं, पुष्करणी आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी आहे, आणि तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत. किल्ला जंजिऱ्याच्या मानाने लहान, दीड-दोन तासात शांतपणे बघून होतो. गंमत अशी की ओहोटीला इथे चालत जाता येतं, आजी-आजोबा असतील तर घोडागाडी असते, आणि भरतीला होडी.

चालत जायचं तर हॉटेल बुक करायच्या आधी कॅलेंडर काढून तिथी बघा. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी भरती असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास, त्यामुळे त्या दिवशी दुपारी पोचलात तर किल्ला पाण्यातच. अष्टमीला उलट, ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते पण ती भांगाची, पाणी पूर्ण मागे हटत नाही, गुडघाभर पाण्यातून जायची तयारी ठेवा. माझ्या मते तृतीया ते पंचमी सकाळी आणि एकादशी ते त्रयोदशी दुपारी हे सगळ्यात सोयीचं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, म्हणून किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला नाहीतर कोळी बांधवांना विचारूनच पाऊल टाका. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी वळलं असं कोणी सांगितलं की फोटो राहिले तरी चालतील, परत फिरायचं. आत अडकलात तर होडी मिळेपर्यंत नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत बसून राहावं लागतं.

जंजिऱ्याचं गणित वेगळं. तिथे भरती-ओहोटीने अडत नाही, राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात, आणि तो प्रवासच इतका छान आहे की किल्ला न बघता नुसतं जाऊन आलं तरी पैसे वसूल. दरवाजा असा लपवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत आत शिरायचं कुठून ते कळतच नाही. सिद्दींचा हा किल्ला शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना, पेशव्यांना, कुणालाच घेता आला नाही. संभाजी महाराजांनी तर १६८२ च्या सुमारास राजपुरीहून समुद्र भरून रस्ता करायचा प्रयत्न केला, तो होडीतून जाताना आठवा, मग ते काम केवढं होतं ते समजतं. आत कलाल बांगडी तोफ, सुरुलखानाचा पडका वाडा, गोड्या पाण्याचे तलाव, आणि तटावरून समोर दिसणारा पद्मदुर्ग. पद्मदुर्ग आपला, याच सिद्दीला शह द्यायला बांधलेला. लाय पाटलांची गोष्ट पण इथलीच, रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावायला गेलेला हा कोळी माणूस, मोहीम फसली पण शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, पाटील म्हणाले मी दर्यावर फिरणारा, पालखी काय करू, तर महाराजांनी त्याला गलबत दिलं आणि त्याचं नाव 'पालखी' ठेवलं असं सांगतात. मुलांना ही गोष्ट होडीत बसल्यावर सांगा, किल्ला बघताना त्यांचे डोळे वेगळे असतात.

पण अडचणी पण सांगायला हव्यात. होडी दरवाज्याच्या पायऱ्यांना लागते तेव्हा हलत असते, लाट असेल तर जास्तच, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते उतरणं-चढणं सोपं नाही. आत सावली कमी, पायऱ्या जास्त, पाणी आणि टोपी बरोबर घ्याच. होडीवाले आत फिरायला साधारण पाऊण-एक तास देतात, किल्ला त्यापेक्षा बराच मोठा आहे, म्हणून निघतानाच वेळ बोलून घ्या. शनिवार-रविवारी अकरानंतर धक्क्यावर जत्रा असते, मुरुडला मुक्काम असेल तर सकाळी पहिल्या होड्यांमध्ये जाता येतं, आणि मुक्काम मुरुडलाच करा म्हणते ते यासाठीच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, जंजिरा बंद असतो, तेव्हा मुरुडला जाणारच असाल तर किल्ल्याची आशा न ठेवता जा.

किल्ल्याशिवाय काय? अलिबागकडे आजूबाजूला खूप आहे आणि बहुतेक लोक त्यातलं काहीच बघत नाहीत. आक्षीला शके ९३४ म्हणजे १०१२ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या ज्ञात लेखांपैकी, आणि लोक त्याच गावच्या बीचवर खेळाच्या बोटीत बसून परत जातात याचं वाईट वाटतं. अलिबाग गावात कान्होजींची समाधी आहे. इस्रायल आळीत बेने इस्रायली लोकांचं मागेन अबोथ सिनेगॉग आहे, मराठी बोलणारा हा ज्यू समाज याच किनाऱ्यावर नवगावला उतरला असं ते मानतात. चुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ मध्ये आलेली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि कुलाब्याच्या वेधशाळेतलं मोजमाप त्यामुळे बिघडलं असतं. थळच्या समोर खांदेरी-उंदेरी हे दोन पाण्यातले किल्ले दिसतात, खांदेरी तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला.

मुरुडला गावात बघायला कमी आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा वाडा रस्त्यावरूनच बघायचा, आत सोडत नाहीत. खोकरीचे घुमट, सिद्दींच्या कबरी, राजपुरीजवळच आहेत आणि तिथे कमालीची शांतता असते, जंजिरा करून आलात की वीस मिनिटं तिकडे द्या. फणसाडचं अभयारण्य, एकेकाळचं नवाबाचं शिकारीचं जंगल, तिथे शेकरू दिसतो. आणि एक दिवस जास्त असेल तर आगरदांड्याहून गाडी जंगल जेट्टीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर चढवून दिघीला उतरायचं, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. ही सोय मुरुडची मोठी जमेची बाजू आहे.

समुद्रात उतरण्याबद्दल मात्र दोन्हीकडे सारखंच सांगेन आणि हे कृपया वरवर वाचू नका. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची १४ मुलं मुरुडच्या किनाऱ्यावर बुडून गेली. किनारा सपाट, पाणी उथळ दिसतं, आणि ओहोटी लागली की खेचतं. काशीदची पांढरी वाळू बघून मोह होतो पण तिथलं पाणी पण फसवं आहे. पोहायला-खेळायला उतरलात तर घोट्याच्या वर पाणी नको, ओहोटी लागल्यावर अजिबात नको, लहान मुलांचा हात सोडायचा नाही. सोबत हृदयाचा, दम्याचा पेशंट असेल तर हेही बघा की जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, मुरुडला ग्रामीण रुग्णालय, मोठं काही झालं तर अलिबागच गाठावं लागतं. नुसत्या या एका कारणासाठी मी वयस्कर मंडळींना अलिबागच सांगते.

राहायला अलिबागमध्ये शहराच्या बीचजवळ न राहता नागाव-आक्षीच्या वाडीत घरगुती रूम बघा, झाडांची सावली, घरचं जेवण. २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या आणि मुरुडच्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या, नवीन लावलेली सुपारी उभी राहायला वर्षं लागतात, तेव्हा वाडीवाल्यांकडे राहिलात तर पैसा बरोबर हातात जातो. मुरुडला बीच रोडवरच रूम मिळतात, गॅलरीतून पद्मदुर्ग दिसेल अशी मागा. संध्याकाळनंतर गाव लवकर झोपतं, ज्यांना रात्री अकरापर्यंत कॅफे हवेत त्यांनी अलिबाग-मांडवा पट्ट्यातच राहावं.

जेवण दोन्हीकडे खानावळीत जेवा, आणि सकाळीच सांगून ठेवा काय हवंय, सुरमई, बांगडा, तिसऱ्या, चिंबोरी, तांदळाची भाकरी, सोलकढी. यात मला डावं-उजवं करता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर अलिबागकडे पोपटी सांगा, मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, हवी तर अंडी-चिकन, आणि शेतात जाळ. फेब्रुवारीनंतर पांढरा कांदा येतो, रस्त्याच्या कडेला माळा लटकवलेल्या दिसतात, पण जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून त्याच्या नावावर दुसरा कांदा पण खपवतात, म्हणून शेतकऱ्याकडूनच घ्या, बारीक पातीची वेणी घातलेली असते ती बघून. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात सुरमई-पापलेट आलं तर ते बहुतेक बर्फातलंच, त्यापेक्षा खाडीतलं काय आलंय ते विचारा.