पंखेवाला गॅस गिझर: मशीन चांगलं, पाइप किट अपुरं

बेळगावच्या बाजारात स्वस्तात मिळणारे, मिनिटाला सहा लिटर पाणी देणारे गॅस गिझर बहुतेक बिनपाइपाचे. जळलेला वायू वरच्या फटींतून थेट बाथरूममध्येच येतो. हिशेब करून बघा. असा गिझर तासाला साधारण 0.9 किलो गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला 150 ग्रॅम. त्याला जवळपास 1.8 घनमीटर हवा लागते. चार बाय सहाच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकूण हवाच साडेपाच घनमीटर! थंडीत झरोक्याला पुठ्ठा लावला की ऑक्सिजन घटतो, निळी ज्योत पिवळी पडते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

म्हणून पंखा आणि 60 मिमी पाइप असलेलं मॉडेल घेणं शहाणपणाचं. पंखा धूर ढकलून बाहेर टाकतो, आणि वाऱ्याने पाइपाचं तोंड दाबलं तर प्रेशर स्विच गॅस बंद करतो. मशीनबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खोक्यातल्या पाइपाची. एक एल्बो (वळणाचा तुकडा) आणि हातभर नळी एवढ्यावर नऊ इंची भिंत ओलांडून पाइप धड बाहेरही येत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती तर त्याहून जाड.

पाइप एसएस 304, म्हणजे स्टेनलेस स्टीलचाच घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा आतल्या आम्लयुक्त ओलाव्याने लवकर गंजतो. प्लंबर गाडीत उरलेला पीव्हीसीचा तुकडा लावायला निघाला तर हात धरा. तो या उष्णतेला मऊ पडतो आणि सांधा सुटतो. सांध्यांवर ॲल्युमिनियम फॉइल टेप, साधी चिकटपट्टी नव्हे.

भोकासाठी 75 मिमीची कोअर बिट (गोल भोक कापणारं ड्रिलचं पातं) लागते. चिरा सच्छिद्र असतो, छिन्नीने ठोकलं की कडा ढासळतात. कोअर कटिंग करून आत जीआयचा स्लीव्ह (बाहेरची नळी) बसवा आणि पाइप त्यातून न्या. मोकळ्या फटीत उष्णता सोसणारं सिलिकॉन भरा. पाइप थेट सिमेंटने गच्च केला तर साफसफाईला काढायचा कसा?

आडव्या पाइपाला बाहेरच्या बाजूला हलका उतार हवा, मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर. उलटा उतार राहिला की पाइपात जमलेलं पाणी आणि पाऊस दोन्ही पंख्यात उतरतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या घाटातल्या पावसात ही चूक पहिल्याच आषाढात कळते. तिकडे पाइपाचं तोंड पश्चिमेला ठेवू नका. पर्याय नसेल तर खाली वळलेली टोपी लावा. एल्बो दोनपेक्षा जास्त नकोत. एक एल्बो साधारण मीटरभर सरळ पाइपाइतका अडथळा करतो आणि तिसऱ्याला प्रेशर स्विच वरचेवर मशीन बंद पाडू लागतो. मग लोक मेकॅनिकला सांगून तो स्विचच बायपास करून घेतात. हे अजिबात करू नका.

गल्लीतल्या घरांत खरी अडचण बोळाची. दोन भिंतींमध्ये तीन फूट जागा असली की धूर वर न जाता शेजारच्या खिडकीत शिरतो. तिथे पाइप उभा चढवून छपराच्या वर काढा; किंवा गिझरच मागच्या उघड्या गॅलरीत, पावसापासून आडोशाला लावा. दुसरा उपाय केव्हाही सरस.

पाइप लावला म्हणून झरोका बुजवू नका, कारण हे मशीन हवा खोलीतूनच ओढतं. दाराला खाली जाळी हवीच. सिलिंडर बाथरूमबाहेर, उभा. रबरी नळीवरची मुदत वाचून घ्या. गॅसचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा. मग गिझर चालू ठेवून पाइपाच्या प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरा. धूर हलकेच वर गेला तर ठीक, बाजूला फेकला गेला तर सांधा फुंकतोय.

वीज गेली की पंखा आणि गिझर दोन्ही बंद. पावसाळ्यात हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइन जाते तेव्हा इन्व्हर्टरवर चालतं, फक्त सॉकेटला अर्थिंग हवं. बोअरचं पाणी असेल तर तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार बसतो, वर्षाला डिस्केलिंग करा.

खरेदीआधी पाइपाचा मार्ग खडूने भिंतीवर आखून बघा. बाहेर उघडणारी एकही भिंत किंवा गॅलरी नसेल, तर सरळ इलेक्ट्रिक गिझर घ्या.